ट्रंकबाईंचा डावा कान

सूनबाईंना कुणी विचारलं, "तुझ्या सासूबाई निवृत्तीनंतर काय करतात गं?" की सूनबाई आधी हातातला कप खाली ठेवायच्या. मग म्हणायच्या, "संशोधनात असतात त्या." विचारणारी जरा पुढे सरकली, तर, "आवाजाच्या संशोधनात." आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतून सासूबाई खणखणीत आवाजात पुरवणी जोडायच्या, "माकडिणींचे आवाज ऐकते मी! नराशी जोडी जमते तेव्हा काढतात ना, ते!" पाहुणीचं बिस्कीट चहात पडून विरघळायचं आणि सूनबाई कपाळाला हात लावायच्या.

या सासूबाई म्हणजे ट्रंकबाई. खरं नाव विचारलं तर त्यांच्या नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागायचं. टेलिफोनचं ट्रंक एक्स्चेंज होतं त्या काळात बाई एकतीस वर्षं तिथे बसल्या. समोर छातीएवढा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाशेजारी मसुरीच्या दाण्याएवढा दिवा. दिवा लागला की वायरची पिन भोकात खुपसायची, "बोला" म्हणायचं, दुसरी पिन दुसऱ्या भोकात, की झालं, दोन गावं जोडली. माणूस "हॅलो" म्हणायच्या आधी जो श्वास घेतो ना, त्या श्वासावरून बाई त्याला ओळखायच्या. लाकडाच्या वखारवाल्याला एकदा म्हणाल्या, "फोन नंतर लावते, आधी छाती दाखवून या." तो चिडला, पण गेला. न्यूमोनिया निघाला.

मग आपोआप नंबर लागणारं यंत्र आलं. बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, घरात आधीच सतरा घड्याळं, त्यात हे अठरावं. आणि तेच तेवढं मागे पडायचं.

सहा महिने बाई घरात बसल्या. म्हणजे सूनबाईंच्या भाषेत, घरात सगळ्यांच्या डोक्यावर बसल्या. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकून जेवताना निकाल सांगायच्या. एक दिवस वाचनालयाच्या फळ्यावर कागद दिसला: "तीक्ष्ण कान असलेली व्यक्ती हवी. वयाची अट नाही." बाई घरी आल्या त्या चपला न काढताच. "अहो, मला बोलावलंय."

"कुणी?"

"ते काही लिहिलं नाही. पण मलाच बोलावलंय."

बोलावणाऱ्या होत्या डॉक्टरीणबाई. औषधं देणाऱ्या नव्हेत, माकडांवर पुस्तकी डॉक्टर झालेल्या. पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, खिशात कायम तीन पेन्सिली आणि एकही टोक केलेली नाही. जंगलाच्या कडेला बियाण्यांचं जुनं गोदाम होतं, त्यातल्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस. त्यांनी बाईंच्या कानाला हेडफोन लावला आणि टेपवर पाच आवाज ऐकवले. "या पाच माद्यांच्या हाका आहेत. वेगळ्या ओळखू येतात का बघा."

बाईंनी डोळे मिटले. ऐकलं. हेडफोन काढून म्हणाल्या, "पाच कुठल्या? तिघी आहेत. पहिली आणि चौथी एकच आहे, दुसरी आणि तिसरी एकच, आणि शेवटचीला सर्दी झालीय."

डॉक्टरीणबाई उठल्या, वही चाळली, परत बसल्या. मुद्दामच तशी टेप केली होती त्यांनी, पकडायला. सर्दीचं मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. "उद्यापासून या," म्हणाल्या.

कामाची रीत अशी होती. पहाटे डॉक्टरीणबाई रेकॉर्डर घेऊन माद्यांच्या मागे जायच्या. बरोबर दुर्बीणमामा. हे मामा कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही. वीस वर्षं जंगलात, गळ्यात दुर्बीण, ती झोपतानासुद्धा काढतात की नाही अशी सगळ्यांना शंका. कोणती मादी कोणत्या नराबरोबर होती ते मामा वहीत लिहायचे. शिवाय नरांची उतरंडही तेच ठेवायचे, म्हणजे कोण कुणाला वाट देतो, कोण कुणापुढे मान खाली घालतो, त्यावरून पहिल्या नंबरापासून बाराव्यापर्यंत. बाईंकडे यायच्या त्या नुसत्या टेपा, वर आकडा घातलेल्या. नर कोण, ते त्यांना कळू द्यायचं नाही. जंगलातही जायचं नाही. "डोळ्यांनी पाहिलं की कान लाचार होतात," असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. बाईंनी फक्त ऐकायचं, हाक कुणाची आणि तिच्यात ठोके किती, एवढं लिहायचं.

ठोके हा शब्द बाईंचा. माकडीण हाक देते ती एका दमात नाही. आधी खोल हुंकार, मग एकामागून एक ठोके, चढत चढत, कधी चारपाचात संपतात, कधी पंचविसावर जातात. माद्यांना नावंही बाईंनीच दिली होती, एकीलाही न बघता. शिट्टी. खर्जातली. बिजागरी. आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची ती करवत. करवतीची हाक सुरू झाली की बाई नकळत ताठ बसायच्या. मनात त्यांनी तिचं चित्रही पक्कं केलं होतं, आडदांड, भरलेल्या खांद्यांची, सगळ्या टोळीला धाकात ठेवणारी.

पहिल्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक बाईंचा, एक मामांचा. बोट फिरवत म्हणाल्या, "हे बघा. नर अकराव्या नंबरचा, ठोके चार. आठव्या नंबरचा, सात. तिसऱ्या नंबरचा, सतरा. पहिल्या नंबरचा, सव्वीस."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे नर जितका वरचा, तितकी हाक लांब?"

"तसं दिसतंय."

"आणि हे त्या सगळ्यांना ऐकवतात?"

"अख्ख्या टोळीला."

"का पण?"

"ते कळलं असतं तर मी घरी नसते का गेले?" डॉक्टरीणबाई हसल्या.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी घरी जाताना त्यांचा बसस्टॉप मागे राहिला. ज्यांना अक्षर नाही, कागद नाही, खुर्चीवरची पाटी नाही, त्यांच्यातल्या एका माकडिणीच्या घशातून सगळी उतरंड बाहेर पडते, आणि आपण ती हेडफोनमधून मोजतो! एकतीस वर्षं माणसांची बोलणी जोडली, पण असं नवल एकदाही कानावर पडलं नव्हतं. रात्री जेवताना त्या गप्प होत्या. सूनबाईंनी घाबरून नवऱ्याला विचारलं, "आईंना बरं नाहीये का?"

आता बाईंचं एक गुपित होतं. एक्स्चेंजमधला हेडफोन एकाच कानाचा असायचा. बाई तो उजव्या कानाला लावायच्या. एकतीस वर्षं त्या कानात करकर, खरखर आणि ओरडणारी माणसं. उजवा कान बसला. बारीक आवाज त्याला येईनासेच झाले. डावा मात्र इतकी वर्षं नुसता बसून होता, खोक्यातून काढलेल्या वस्तूसारखा कोरा. गोदामातला हेडफोन दोन्ही कानांचा होता, त्यातला उजवा बाई केसांवर सरकवून ठेवायच्या. "उकडतं हो," म्हणायच्या. थंडीतसुद्धा.

हे घरात एकालाच माहीत होतं. रोज सकाळी त्यांचे यजमान मनगटी घड्याळ घेऊन त्यांच्या मागे उभे राहायचे.

"आता?"

"ऐकू येतंय."

"आता?" एक पाऊल मागे.

"येतंय."

डाव्या बाजूला ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे. उजव्या बाजूला घड्याळ कानाला टेकलं तरी बाई गप्प. मग दोघंही चहा प्यायचे.

तीन वर्षं झाली. अकराशे हाका झाल्या. अहवाल दूरच्या विद्यापीठात पाठवायची वेळ आली. आणि एका दुपारी डॉक्टरीणबाई दोन कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"ट्रंकबाई, तुम्हाला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"झोप नीट लागते?"

"यांच्या घोरण्यातून लागेल तेवढी. सरळ बोला ना, काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केले. गेल्या चार महिन्यांच्या टेपा. पहिल्या नंबरचा नर म्हणजे दगडोबा. जंगलात एक मोठा सपाट खडक आहे, त्यावर रोज सकाळी बसतो म्हणून मामांनी ठेवलेलं नाव. तर दगडोबाबरोबरच्या हाका, सहा ठोके. पाच. सात. जणू अकराव्या नंबरचा कुणी असावा. आणि दुसऱ्या नंबरवर आलेला बोटतुट्या, एक बोट नसलेला तरणा नर, त्याच्या हाका चोवीस, पंचवीस, सत्तावीस.

"पावणेतीन वर्षं एकही टेप चुकली नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आणि आता चार महिने उलटंच येतंय. टेपा बदलल्या नाहीत, मी तपासलं. म्हणून विचारते. ऐकताना काही..."

"माझे कान गेले असं म्हणायचंय तुम्हाला."

"मी तसं म्हटलं नाही."

"पण मनात आलं."

 बोलण्याआधी डॉक्टरीणबाईंनी जो श्वास घेतला, त्यातच बाईंना उत्तर मिळालं.

घरी आल्यावर बाईंनी यजमानांना घड्याळ घेऊन उभं केलं. दोनदा. तीनदा. डावा कान जिथल्या तिथे होता. "मग घाबरतेस कशाला?" यजमान म्हणाले.

"कारण त्यांना उजव्याचं सांगितलं नाही मी. आज ना उद्या कुणीतरी तपासेल. मग तीन वर्षांचं सगळं वाया. त्या पोरीनं डोंगर चढून गोळा केलेलं."

"मग सांगून टाक."

"सांगितलं तर उद्याच हाकलतील."

यजमानांनी घड्याळाचं झाकण लावलं. "आणि नाही सांगितलंस तर तूच झोपणार नाहीस, आणि मलाही घोरू देणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी बाई गोदामात गेल्या. मामाही आले होते, कोपऱ्यात बुटांचा चिखल खरवडत. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दिवा लागल्यावर पिन खुपसावी तसं एका दमात म्हणून टाकलं, "माझा उजवा कान गेलाय. तुमच्याकडे यायच्या आधीपासून."

मामांचा हात थांबला. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं डाव्यानंच ऐकतेय. डावा चोख आहे."

"अकराशे हाका आहेत, ट्रंकबाई. मला अहवालात लिहावं लागतं, ऐकणारं कोण, त्याचे कान कसे. मला सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

डॉक्टरीणबाईंनी खिशातून पेन्सिल काढली, तिच्या नसलेल्या टोकाकडे बघितलं. 

"मग आता आणखी एक ऐका," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. "एक्स्चेंजमध्ये मी साहेब लोकांची लाइन सांभाळायचे. मोठ्या साहेबांचा एक कारकून होता. साहेबांशी बोलताना त्याचं 'होय साहेब' इतकं लांब, इतकं लांब, की तेवढ्यात मी दुसरा कॉल जोडून यायचे. आणि छोट्या साहेबांना? 'हं.' बस्स. एका वर्षी काय झालं, मोठ्या साहेबांना 'हं' मिळायला लागलं आणि छोट्या साहेबांना 'होय साहेब' लांबायला लागलं. मी आमच्या मुकादमबाईंना म्हटलं, मोठे साहेब गेले. त्या म्हणाल्या, वेडी आहेस, खुर्चीत बसलेत की. एकोणीस दिवसांनी बदलीचा हुकूम आला. खुर्चीला शेवटी कळलं हो. आवाजाला आधी कळलं होतं."

मामा बुटांचा चिखल विसरून पुढे सरकले.

"तुमच्या टोळीत बदलीचा हुकूम निघालाय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला मिळाला नाही एवढंच."

मामा उसळले. "काय बोलता बाई! पहिला नंबर दगडोबाच. रोज बघतो मी."

"कुठे बघता?"

"खडकावर! सूर्य वर आला की खडकावर तोच. कुणी त्याच्याजवळ फिरकत नाही."

"आणि बाकीच्यांना कुठे बघता?"

"बाकीच्यांना... सगळीकडे. वाटेवर, झाडावर."

डॉक्टरीणबाईंनी मामांची वही पुढे ओढली. पानं उलटत गेल्या. पहिल्या ओळीत, पहिल्या नंबरापुढे, मामांच्या गोल अक्षरात एकच शब्द होता: वरीलप्रमाणे. मागच्या पानावर, वरीलप्रमाणे. त्याच्या मागच्या पानावर, वरीलप्रमाणे. सात महिन्यांपूर्वी एकदा "दगडोबा" लिहिलेलं सापडलं.

"आता रोज तेच असेल तर काय रोज नव्यानं लिहू?" मामा म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. दगडोबावर त्यांचा जीव होता. तो पिल्लू होता तेव्हापासून बघत आले होते ते त्याला.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "वही खोटी असेल किंवा कान. उद्या दोन्ही तपासू. ट्रंकबाई, उद्या तुम्ही आमच्याबरोबर जंगलात यायचं. पण टोळीकडे पाठ करून बसायचं. तुम्ही ऐकायचं आणि मोठ्यानं सांगायचं, मादी कोण, ठोके किती. आम्ही बघून लिहू. शेवटपर्यंत तुम्हाला काही सांगणार नाही."

"आणि मी चुकले तर?"

"तर अकराशे हाका मी खोडेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 

सकाळी यजमान घड्याळ घेऊन मागे मागे जात स्वयंपाकघराच्या दारातून पार मागच्या अंगणात पोचले. "आता?"

"टिकटिक. आणि तुमच्या पोटात गुरगुरतंय, आधी काहीतरी खा."

सूनबाईंनी गुपचूप सासूबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि गुडघ्याचं मलम टाकलं. दारात म्हणाल्या, "आई, नीट ऐका हं." आणि मग एवढं बोललो याचीच लाज वाटून आत पळाल्या.

चढण अर्ध्या तासाची होती, बाईंना सव्वा तास लागला. मामांनी घडीचं स्टूल उघडलं, एका जाड बुंध्याकडे तोंड करून मांडलं. बाई बसल्या. समोर फक्त साल, सालीवरून जाणारी मुंग्यांची रांग. मागे जंगल.

टेपवर जंगल म्हणजे हाकेच्या मागची नुसती सरसर. इथे त्या सरसरीला अंग होतं. पानं पानांना घासत होती, वर कुठेतरी फांदी वाकून सुटत होती, पिल्लं चिरकत होती, कुणीतरी कुणाला तरी खोकून दटावत होतं. आणि उजवा कान बंद म्हणून ते सगळं जंगल बाईंना डाव्या बाजूनंच येत होतं, जणू अर्धं जग गच्च भरलंय आणि अर्धं रिकामं. बाईंच्या हातांवर काटा आला. तीन वर्षं या सगळ्यांशी आपली रोजची ओळख, आणि आज पहिल्यांदा आपण त्यांच्या घरी आलोय, तेही भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलीसारखे!

मग पहिली हाक आली. खोल हुंकार, आणि ठोके.

"शिट्टी," बाई म्हणाल्या. "सहा ठोके."

मागे पेन्सिल चालली.  मामांनी श्वास आत ओढला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही.

थोड्या वेळानं दुसरी. "बिजागरी. नऊ." पेन्सिल. मग बराच वेळ काही नाही. ऊन खांद्यावर आलं. बाईंचा पाय झोपला, तरी त्या हलल्या नाहीत. मग तिसरी हाक उठली, आणि बाई नकळत ताठ झाल्या. टेपमधून येते त्याच्या दहापट. ठोक्यावर ठोका, चढत, झाडांच्या अंगातून, दगडांवरून, बाईंच्या बरगडीतून. बाकीची टोळी गप्प झाली. खोकणारं खोकायचं थांबलं. पिल्लू चिरकायचं थांबलं. सगळं रान ऐकत होतं.

"करवत," बाई पुटपुटल्या. "सत्तावीस." जरा थांबून म्हणाल्या, "आणि नर सगळ्यांत वरचा. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते."

मागे मामा म्हणाले, "अरे देवा." एवढंच.

मामांची रीत अशी, की उतरंड सकाळी लिहायची आणि डोक्यावर ऊन आलं की खाली उतरून डबा खायचा. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कुणाला उतरू दिलं नाही. दुपारी टोळी डबक्यावर पाणी प्यायला उतरते, तोवर सगळे तिथेच बसले. मागे पावलं, खडे, पाण्याशी गडबड. मग एकाएकी गडबड थांबली. बाईंना पाणी लपलपताना ऐकू आलं. एकाच तोंडाचं. बाकी कुणी पीत नव्हतं.

बराच वेळ एकटाच कुणी पीत राहिला. मग दुसऱ्या तोंडाचा आवाज आला. म्हातारा, जड.

खांद्यावर हात पडला. "वळा, ट्रंकबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

बाई स्टुलावरच वळल्या. डबक्याच्या काठी ओल्या तोंडाचा तरणा नर बसला होता, पुढच्या पंजाला एक बोट नाही. आणि पाण्याशी वाकलेला एक मोठा, पिकल्या केसांचा नर, जो तोवर बाजूला थांबला होता.

"तो पिऊन होईपर्यंत थांबला," मामा म्हणाले. "दगडोबा. थांबला तो. मान खाली घालून." त्यांनी दुर्बिणीच्या काचा शर्टानं पुसल्या, काचा स्वच्छ होत्या तरी. "सकाळी खडक मोकळा सोडतात त्याला. म्हाताऱ्याची जागा म्हणून. आणि मी तेवढंच बघत बसलो."

"मला त्याचं वाईट वाटतंय हो मामा," बाई म्हणाल्या.

"वाटू दे. मलाही वाटतंय." मामांनी वही उघडली. पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकली, उचलली, पुन्हा टेकली. मग गोल अक्षरात लिहिलं: बोटतुट्या. "वरीलप्रमाणे" हा शब्द त्यानंतर त्यांनी कधी लिहिला नाही, घरच्या किराण्याच्या यादीतसुद्धा.

डॉक्टरीणबाई अजून कागदाकडेच बघत होत्या. "दगडोबाबरोबर सहा, बोटतुट्याबरोबर सत्तावीस. चार महिने," त्या म्हणाल्या. "या माद्या चार महिन्यांपासून सांगतायत. ओरडून सांगतायत. सगळ्या टोळीला माहीत होतं, आणि आपण तिघंच..."

"दोघं," बाई म्हणाल्या. "मला ऐकू येत होतं." मग जरा नरमल्या. "अहवालात काय लिहाल?"

"ऐकणारी एक. कान एक. डावा." डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खिशात टाकली. "आणि त्याच्यापुढे आज सकाळची चाचणीही लिहीन. मानायचं त्यांनी मानावं."

बाई उठून उभ्या राहिल्या, गुडघा धरून. "आता मला ती दाखवा. करवत."

मामांनी बोट केलं. बाई शोधत होत्या आडदांड, भरलेल्या खांद्यांची कुणीतरी. मामांचं बोट होतं काठावरच्या एका दगडाकडे. तिथे एक काटकुळी, लहानखुरी माकडीण बसली होती. वरचा ओठ फाटलेला, शेपटीचे केस विरळ. मांडीवर मागच्या वर्षीचं पिल्लू लोळत होतं आणि ती त्याच्या पाठीतलं काहीतरी मन लावून वेचत होती.

"एवढीशी?" बाई म्हणाल्या.

"एवढीशीच. तीच ती."

बाई बघत राहिल्या. एवढ्याशा घशातून सत्तावीस ठोके! खडक कुणाचा, खुर्ची कुणाची, वहीत काय लिहिलंय, याची पर्वा न करता टोळीतलं खरं काय ते पहिलं हिला कळलं होतं. ते तिनं कोणाला विचारलं नाही, कोणाची परवानगी घेतली नाही. आणि सगळं रान श्वास धरून तिचं ऐकत होतं. एकतीस वर्षं बोर्डावर बसून आपण सगळ्या गावाच्या बातम्यांच्या मध्यभागी आहोत असं बाईंना वाटायचं. त्या दगडावरच्या एवढ्याशा बाईपुढे त्यांना पहिल्यांदाच आपण शिकाऊ ऑपरेटर असल्यासारखं झालं.

बोटतुट्या पाण्यावरून उठला आणि दगडाकडे गेला. करवतीनं पिल्लाला बाजूला सारलं. बाईंनी डावा कान पुढे केला आणि जुन्या सवयीनं, ओठातल्या ओठात म्हणाल्या, "बोला."

हाक सुरू झाली. डोळ्यांदेखत, उन्हात, तो छोटासा घसा फुगत होता, मिटत होता. चढत गेली, चढत गेली, आणि संपली तेव्हा पाण्यावर एक तरंग तेवढा उरला.

"किती?" डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल सरसावून विचारलं.

ट्रंकबाईंनी मान हलवली. गालावर ओघळलेलं पाणी पदरानं टिपलं.

"नाही मोजले हो," त्या म्हणाल्या. "ऐकत राहिले."